दहा वर्षांच्या कुत्रीच्या गर्भपिशवीत पू झाला आहे: शस्त्रक्रिया करावी की औषधांवर ठेवावे?

कुंदकळी (जुळे सोलापूर), ३० एप्रिल, सायंकाळी ७.५०

नमस्कार. आमच्याकडे चिमी नावाची कुत्री आहे. तिला दहा वर्षे पूर्ण झाली असून वजन २४ किलो आहे. अंगलट लॅब्राडोरची, पण शुद्ध जातीची नव्हे. गेले तीन आठवडे ती फार पाणी पीत होती. एप्रिलअखेरचे सोलापूरचे ऊन आणि बेचाळिसापुढे गेलेला पारा यांमुळे सुरुवातीला घरात कोणालाच त्याचे विशेष वाटले नाही. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येते, म्हणून घरात पाणी जपून वापरण्याची सवय आहे, आणि चिमीचे पातेले दिवसातून चार-पाच वेळा भरावे लागते ही गोष्ट सर्वप्रथम सासूबाईंच्या लक्षात आली. त्यानंतर तिने दूध-भाकरीचा काला सोडला, दोनदा उलटी केली आणि ती कोपऱ्यात फरशीवर पडून राहू लागली.

पहिल्या दवाखान्यात ऊन लागले असावे असे सांगून तीन दिवस सलाईन आणि प्रतिजैविके दिली. एक दिवस बरे वाटले आणि पुन्हा तेच. काल दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त तपासले आणि सोनोग्राफी केली. गर्भपिशवीत पू साठला आहे, पिशवीचे तोंड बंद असल्यामुळे तो बाहेर पडत नाही, याला पायोमेट्रा म्हणतात आणि उद्या सकाळीच शस्त्रक्रिया करून पिशवी काढावी, असे ते म्हणाले. अहवालात पांढऱ्या पेशी ३८,४००, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन २.१, हिमोग्लोबिन ९.८ आणि प्लेटलेट १,१२,००० असे आकडे आहेत. ताप नाही.

सासरे म्हणतात की या वयात तिला फाडू नका, ती टेबलावरच जाईल. औषधाने जेवढे दिवस निघतील तेवढे निघू द्या. माझे मन दोन्ही बाजूंनी ओढले जाते. औषधाने हा आजार खरोखर बरा होतो का? दहाव्या वर्षी भूल सोसेल का? आणि एक प्रश्न, जो सासूबाई कालपासून पुन्हा पुन्हा विचारत आहेत: तिला आम्ही कधी पिल्ले होऊ दिली नाहीत, म्हणून हे झाले का? दोन वर्षांपूर्वी घरात लग्नकार्य होते तेव्हा ती हीटवर येऊ नये म्हणून एक इंजेक्शनही दिले होते, तेही सांगून ठेवते.

माळरान (मंगळवेढा), ३० एप्रिल, रात्री ८.२५

ताई, घाई करू नये असे मला वाटते. आमच्या गाईला विल्यानंतर असाच पिशवीत पू झाला होता. तालुक्याच्या डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिले, तीन-चार दिवसांत सगळी घाण बाहेर पडली आणि पुढे ती गाभणही राहिली. तेच इंजेक्शन कुत्रीला का देत नाहीत, हे विचारून पाहा. दुसरे असे की प्लेटलेट कमी दिसतात. आपल्याकडे निम्म्या कुत्र्यांना गोचीड ताप असतो. आधी त्याचा महिन्याचा औषधाचा कोर्स पूर्ण करावा, अंगात रक्त भरू द्यावे आणि मग कापाकापीचा विचार करावा.

पशुवैद्य (सोलापूर), ३० एप्रिल, रात्री ९.४०

कुंदकळी ताई, मी सोलापुरात एकवीस वर्षे पशुवैद्यकीय व्यवसाय करीत आहे. पहिली काही वर्षे मोहोळ आणि अक्कलकोट तालुक्यांत गाई-म्हशी व शेळ्या-मेंढ्या पाहिल्या. आता दवाखान्यात बहुतांश कुत्री-मांजरेच येतात. चिमीला मी तपासलेले नाही, त्यामुळे अंतिम शब्द तुमच्या डॉक्टरांचा. तरीही तुम्ही दिलेल्या माहितीवरून त्यांचे निदान आणि त्यांची घाई या दोन्ही गोष्टी मला रास्त वाटतात. तशा त्या का वाटतात हे सविस्तर लिहितो, म्हणजे सासऱ्यांशी बोलताना तुमच्या हाताशी काही राहील.

माळरान यांनी मांडलेला मुद्दा मला गावोगाव ऐकायला मिळतो आणि तो अडाणीपणाचा मुळीच नाही. गाईला दिलेले ते इंजेक्शन प्रोस्टाग्लँडिनचे असते. गाईच्या अंडाशयावर एक पिवळा पुंज टिकून राहतो, त्यातून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक स्रवत राहते आणि त्यामुळे पिशवीचे तोंड मिटलेले राहते. त्या इंजेक्शनाने पुंज विरघळतो, गाय माजावर येते, तोंड उघडते आणि आकुंचन पावणारी पिशवी पू बाहेर लोटते. मी स्वतः अशा कितीतरी गाई बऱ्या होताना पाहिल्या आहेत. परंतु कुत्रीच्या अंडाशयातील पुंज पहिले काही आठवडे या औषधाला दाद देत नाही. पुढेही एका मात्रेने भागत नाही, अनेक दिवस रोज मात्रा द्यावी लागते, आणि प्रत्येक मात्रेनंतर धाप, लाळ, उलट्या, जुलाब होतात. शिवाय तोंड बंद असताना पिशवी जोराने आकुंचन पावली तर पू जाणार कोठे? पिशवी फाटून तो पोटात सांडण्याची भीती असते. म्हणून तोंड बंद असलेल्या कुत्रीला नुसते ते इंजेक्शन देण्याच्या मी पूर्णपणे विरुद्ध आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न. औषधाने हा आजार बरा होतो का, तर निवडक कुत्रींमध्ये काही काळापुरता होतो. अॅग्लेप्रिस्टोन नावाचे एक औषध आहे, ते प्रोजेस्टेरॉनचा मार्ग अडवते आणि पिशवीचे तोंड उघडते. ते पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या दिवशी टोचतात, आणि त्याच्या जोडीला प्रोस्टाग्लँडिनच्या अल्प मात्रा व प्रतिजैविके चालतात. हा मार्ग कोणासाठी आहे? वय कमी असलेल्या, पुढे पिल्ले हवी असलेल्या, तोंड उघडे असलेल्या आणि मूत्रपिंड शाबूत असलेल्या कुत्रीसाठी. तिलाही पुढच्याच हीटनंतर आजार उलटण्याची शक्यता राहते, म्हणून लगेच गाभण ठेवण्याचा सल्ला देतात. चिमी या चारपैकी एकाही अटीत बसत नाही. त्यात सोलापुरात ते औषध आयत्या वेळी मला कधी मिळालेले नाही, बाहेरून मागवावे लागते, आणि तिच्याकडे तेवढे दिवस नाहीत.

नुसत्या प्रतिजैविकांबद्दल एक कबुली देतो. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात अकरा वर्षांच्या एका पामेरियनला मालकांच्या आग्रहाखातर, आणि खरे सांगायचे तर शस्त्रक्रियेच्या माझ्या स्वतःच्या धास्तीने, मी आठ दिवस इंजेक्शनांवर ठेवले. तिसऱ्या दिवशी ती जेवली तेव्हा आम्ही सगळे खूश झालो. नवव्या दिवशी शस्त्रक्रिया करावीच लागली आणि तोपर्यंत विष अंगभर पसरलेले होते. ती वाचली नाही. पुवाच्या पिशवीत रक्तातून औषध पुरेसे उतरत नाही. ते फक्त रक्तात आलेल्या जंतूंना थोपवते, म्हणून एखाद-दुसरा दिवस बरे वाटते. चिमीला पहिल्या तीन दिवसांनंतर जे बरे वाटले ते याच प्रकारचे होते. त्या पहिल्या डॉक्टरांना मात्र मी दोष देणार नाही. मे महिन्याच्या तोंडावर धापा टाकणारे, पाणी पिणारे कुत्रे आले की सोलापुरात पहिला संशय उन्हाचाच येतो. वयात आलेली, नसबंदी न झालेली कुत्री असेल तर 'शेवटची हीट कधी झाली' हा एक प्रश्न विचारायचा असतो. तुम्ही तारीख लिहिलेली नाही, पण ती मार्चमध्ये केव्हातरी हीटवर आली असावी असा माझा अंदाज आहे, कारण हा आजार बहुधा हीटनंतर चार ते आठ आठवड्यांनी डोके वर काढतो.

पाणी पिण्याचे कारणही समजून घ्या, कारण क्रिएटिनिनच्या आकड्याचा अर्थ त्यात आहे. पिशवीत बहुतेक वेळा ई. कोलाय हा जंतू असतो आणि त्याच्या विषामुळे मूत्रपिंडाची लघवी दाट करण्याची क्षमता मंदावते. लघवी पातळ आणि भरपूर होते, म्हणून तहान लागते. तहान आधी आणि लघवी नंतर असा तो क्रम नाही. निरोगी कुत्रे दर किलो वजनामागे दिवसाला साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी पिते, आणि १०० मिलिलिटरच्या पुढे गेले की ते निश्चितपणे आजाराचे लक्षण धरतात. चिमीच्या वजनाला ही सीमा २.४ लिटर येते. मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या जुनाट आजारातही तहान वाढते, म्हणून रक्तातील साखरही पाहिलेली असावी. पायोमेट्रामुळे बिघडलेले मूत्रपिंड, पिशवी काढल्यावर, पुष्कळदा सावरते. म्हणजे २.१ हा आकडा शस्त्रक्रिया टाळण्याचे कारण नसून ती लांबवू नये याचे कारण आहे.

दहाव्या वर्षी भूल सोसेल का? भूल देताना मी वय पाहत नाही असे नाही, पण त्याआधी हृदयाचा आवाज ऐकतो, हिरड्यांचा रंग पाहतो, अंगातले पाणी किती कमी झाले आहे ते पाहतो. हृदयात दोष नसेल तर काही तास सलाईन आणि शिरेतून प्रतिजैविक देऊन कुत्रीला थोडी सावरून घेतात आणि मग शस्त्रक्रिया करतात. काही तास म्हणालो, काही दिवस नव्हे. वेळेत शस्त्रक्रिया झालेल्या बहुतांश कुत्री वाचतात. चांगल्या सोयीच्या रुग्णालयांतील मृत्यूचे प्रमाण ३ ते ४ टक्क्यांच्या आसपास नोंदले गेले आहे. पिशवी फुटली किंवा रक्तात जंतू पसरले की हे गणित बदलते. तेव्हा सासऱ्यांच्या मनातली 'शस्त्रक्रिया की औषध' ही निवड प्रत्यक्षात 'उद्या शस्त्रक्रिया की चार दिवसांनी याहून वाईट अवस्थेत शस्त्रक्रिया' अशी आहे.

उद्या डॉक्टरांना काही गोष्टी अवश्य विचारा आणि विचारताना संकोच करू नका. श्वासनलिकेत नळी घालून गॅसवर भूल देणार आहेत का, भूल चालू असताना रक्तातील प्राणवायू आणि ठोके पाहणारे यंत्र व ते पाहणारा वेगळा माणूस आहे का, सलाईन शस्त्रक्रियेच्या वेळी आणि नंतरही चालू राहील का, पहिल्या रात्री तिच्याजवळ कोण असेल, आणि रक्त लागले तर कोठून येईल. अंगाला ऊब देण्याची काय सोय आहे तेही विचारा. बाहेर बेचाळीस अंश असताना भुलेखालचे कुत्रे थंड पडते हे मालकांना पटत नाही, पण पोट उघडलेले असताना शरीराचे तापमान झपाट्याने उतरते आणि माझ्या दवाखान्यात मे महिन्यातही टेबलावर गरम पाण्याच्या पिशव्या असतात. खर्चाचा आकडा तपासणी, भूल, शस्त्रक्रिया आणि नंतरची औषधे असा फोड करून आधीच लिहून घ्या. पैशांची अडचण असेल तर ती पहिल्याच दिवशी सांगावी. आम्हा डॉक्टरांना त्यात वावगे वाटत नाही, उलट कोणती तपासणी अत्यावश्यक आणि कोणती थांबू शकते हे ठरवता येते.

प्लेटलेटचे म्हणाल तर आपल्या भागात गोचिडांमुळे होणारा अर्लिकिया खरोखर फार आढळतो, तिथे माळरान यांचे निरीक्षण बरोबर आहे. पण त्याचा डॉक्सिसायक्लिनचा कोर्स २८ दिवसांचा असतो आणि बंद पायोमेट्रा २८ दिवस थांबत नाही. यंत्र कधीकधी चिकटलेल्या प्लेटलेटना मोजत नाही, म्हणून काचेवर रक्ताचा थर घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगा. एक लाखाच्या वरचा आकडा असताना सहसा शस्त्रक्रिया अडत नाही. अर्लिकिया निघालाच तर त्याचे औषध शस्त्रक्रियेनंतर सोबत चालू ठेवता येते.

सासूबाईंना सांगा की पिल्ले न झाल्याचा दोष मनाला लावून घेऊ नये. एकदा व्याल्याने पुढे संरक्षण मिळते ही समजूत सर्वदूर आहे, पण त्या भरवशावर कोणी बसू नये. कुत्रीची प्रत्येक हीट संपली की ती गाभण असो वा नसो, सुमारे दोन महिने प्रोजेस्टेरॉन चढलेले राहते. पिशवीचे अस्तर जाड होते, त्यात स्राव साठतो, तोंड मिटते, आणि वर्षानुवर्षे हे साचत जाते. स्वीडनमध्ये निरोगी कुत्रींची नसबंदी सरसकट करण्याची प्रथा नव्हती आणि तेथे कुत्र्यांचे विमे मोठ्या प्रमाणावर उतरवले जातात. त्या विमा-नोंदींच्या अभ्यासांत दहा वर्षांच्या आत साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याच्या कुत्रींना हा आजार झालेला दिसला. म्हणजे दुर्मीळ काही घडलेले नाही. लग्नाच्या वेळचे इंजेक्शन मात्र मी दिले नसते. हीट लांबवणारी ती औषधे प्रोजेस्टेरॉनच्याच जातीची असतात आणि त्यांनी हा धोका वाढतो. दोन वर्षांपूर्वीच्या एका इंजेक्शनानेच हे झाले असे कोणी सांगू शकणार नाही, पण वाचणाऱ्या इतरांनी सोयीसाठी तो मार्ग धरू नये.

आज रात्री तिला माणसांची कोणतीही वेदनाशामक गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांपैकी काहीही आधीच शिणलेल्या मूत्रपिंडाला झेपणार नाही. पोट दाबून पाहू नका. पाणी तोडू नका. अन्न केव्हा बंद करायचे ते डॉक्टर सांगतील.

बार्शीकर, ३० एप्रिल, रात्री १०.३०

डॉक्टरांच्या उत्तरानंतर लिहावे की नाही याचा विचार करीत होतो. आमच्या तेरा वर्षांच्या कुत्रीला हाच आजार झाला होता, पण तिचे हृदय दोन वर्षांपासून मोठे झालेले होते आणि ती रोज त्याच्या गोळ्यांवर होती. दोन डॉक्टरांनी तपासून भूल देण्यास नकार दिला. तिच्या पिशवीचे तोंड उघडे होते, त्यामुळे औषधांवर पाच आठवडे गेले. त्यांतले तीन बरे होते. शेवटी तिला उठवेना तेव्हा डॉक्टरांनी घरी येऊन तिला कायमची झोप दिली. मी आजही त्या निर्णयाकडे चूक म्हणून पाहत नाही, परंतु तो निर्णय हृदयाच्या तपासणीवर उभा होता, वयाच्या आकड्यावर नव्हता. तुमच्या चिमीच्या हृदयाबद्दल कोणी काही बोलले आहे का?

कुंदकळी, ३० एप्रिल, रात्री ११.०५

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. तुमचे उत्तर सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवले. ते काही बोलले नाहीत, पण उठून चिमीपाशी जाऊन बसले. हीटची तारीख कॅलेंडरवर सापडली: १२ मार्च, म्हणजे सात आठवडे झाले. साखर तपासली होती, ती ठीक आहे. हृदयात दोष नाही असे डॉक्टर म्हणाल्याचे यजमानांना आठवते. आता माझे दीर आग्रह धरत आहेत की रातोरात गाडी काढून पुण्याला न्यावे. काय करावे?

पशुवैद्य (सोलापूर), ३० एप्रिल, रात्री ११.२०

पुणे अडीचशे किलोमीटर आहे, म्हणजे रात्रीच्या रिकाम्या रस्त्यानेही साडेचार-पाच तास. तेथे पोहोचून नव्याने नोंदणी, तपासणी आणि शस्त्रक्रियेची वेळ मिळेपर्यंत उद्याची दुपार होईल. मी वर विचारायला सांगितलेल्या गोष्टींची उत्तरे तुमच्या डॉक्टरांकडे समाधानकारक असतील तर ही शस्त्रक्रिया सोलापुरात नियमित होते, तिच्यासाठी पुण्याला जाण्याची गरज नाही. पुण्या-मुंबईची मोठी रुग्णालये मी सुचवतो ती पिशवी फुटल्याचा संशय असेल, क्रिएटिनिन सलाईनने उतरत नसेल, किंवा अनेक दिवस चोवीस तास देखरेख लागणार असेल तेव्हा. न्यावेच लागले तर सलाईनची सुई लावलेलीच ठेवून आणि सगळे अहवाल सोबत घेऊन निघावे. सकाळी सातच्या सुमारास तुमच्या डॉक्टरांना फोन करा.

माळरान (मंगळवेढा), १ मे, सकाळी ६.१५

गाईचे आणि कुत्रीचे गणित वेगळे असते हे मला माहीत नव्हते. ताई, माझ्या सल्ल्यावर जाऊ नका. चिमीचे काय झाले ते कळवा.

कुंदकळी, १३ मे, रात्री ९.१०

उत्तर द्यायला उशीर झाला, क्षमस्व. १ मे रोजी सकाळी साडेअकराला शस्त्रक्रिया झाली. त्याआधी चार तास सलाईन चालू होते. काचेवर पाहिल्यावर प्लेटलेट यंत्राने दाखवल्या त्याहून जास्त निघाल्या आणि गोचीड तापाचे काही आढळले नाही. काढलेल्या पिशवीचे वजन डॉक्टरांनी आमच्यासमोर केले. ते दोन किलोच्या जवळपास होते आणि एका ठिकाणी तिचा पापुद्रा इतका पातळ झाला होता की आतला रंग दिसत होता. दोन्ही अंडाशये काढली आहेत. पहिल्या रात्री सासरे स्वतः दवाखान्यात बाकावर बसून राहिले. कोणी सांगितले नव्हते.

तिसऱ्या दिवशी तिने थोडा भात-चिकन खाल्ले. गळ्यात घातलेल्या शंकूसारख्या कॉलरमुळे ती आठवडाभर दाराच्या चौकटींना धडकत होती. काल टाके काढले. पुवाच्या तपासणीत ई. कोलायच निघाला आणि त्यानुसार प्रतिजैविक बदलले. क्रिएटिनिन आता १.४ आहे आणि ते महिनाभराने पुन्हा तपासायचे आहे. डॉक्टरसाहेब, मूत्रपिंडासाठी वेगळे खाद्य लगेच सुरू करावे का? दुकानदार तसा आग्रह धरत आहे.

पशुवैद्य (सोलापूर), १३ मे, रात्री १०.००

वाचून बरे वाटले. खाद्याची घाई नको. मूत्रपिंडाच्या खाद्यात स्फुरद आणि प्रथिने कमी असतात, आणि जखम भरून येत असताना, हिमोग्लोबिनही कमी असताना, तिला प्रथिनांची गरज आहे. महिन्यानंतरच्या तपासणीत क्रिएटिनिनबरोबर लघवीची घनता आणि लघवीतील प्रथिने पाहून ठरवता येईल. तोपर्यंत दिवसभरात ती किती पाणी पिते ते मोजून वहीत लिहीत जा. घरी बसून मूत्रपिंडावर लक्ष ठेवण्याचे त्याहून स्वस्त साधन माझ्या माहितीत नाही.

कुंदकळी, १४ मे, सकाळी ७.३०

ते काम सासूबाईंनी शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासूनच अंगावर घेतले आहे. लिटरच्या मापाने पातेले भरतात आणि रात्री उरलेले वजा करून दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहितात. पहिल्या दिवशी २.९ लिटर होते. काल पारा त्रेचाळिसावर असताना १.३ लिटर.